ऐपतीची कसोटी

‘म्हातारपणाची काठी’ हा शब्दप्रयोग मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे. कधी तो कर्त्या मुलाला उद्देशून योजला जातो, तर कधी आयुष्यभर काटकसर करून बाजूस ठेवलेल्या चार पैशांना, जमिनीच्या तुकड्याला किंवा राहत्या घराला. मूल आणि मालमत्ता हेच वार्धक्याचे दोन आधार, अशी समजूत या शब्दप्रयोगामागे आहे. ती समजूत केवळ आपली नव्हे. जवळजवळ सर्व समाजांत ती आढळते. मात्र हे दोन्ही आधार अपुरे पडले म्हणजे राज्याने पुढे यावे की नाही, आणि यावयाचे तर कोणत्या क्षणी, हा प्रश्न प्रत्येक देशाला केव्हा ना केव्हा सोडवावा लागला आहे.

येथे केवळ पोटापाण्याचा प्रश्न अभिप्रेत नाही. वार्धक्यात हातपाय थकतात, स्मृती जाते, अंथरुण धरावे लागते. अशा माणसाला न्हाऊ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे ही कामे दुसऱ्याने करावी लागतात, आणि ती महिनोन्महिने, कित्येकदा वर्षानुवर्षे करावी लागतात. पगारी माणसांकडून ही शुश्रूषा करून घ्यावयाची झाली तर तिचा खर्च मध्यम स्थितीतील माणसाची सारी शिल्लक गिळून टाकतो. अशा वेळी सरकारी तिजोरीतून मदत मिळावी ती ज्याच्याजवळ काहीच उरले नाही त्यालाच, की ज्याच्याजवळ एखादे घर आहे त्यालाही? या प्रश्नाच्या उत्तराचा सर्वांत दीर्घ आणि सलग लेखी इतिहास इंग्लंडात सापडतो, आणि त्याचीच एक शाखा पुढे अमेरिकेत वाढलेली दिसते.

इंग्लंडात पहिली एलिझाबेथ राणी गादीवर असताना १६०१ साली गरिबांच्या साहाय्याचा कायदा झाला. ‘पॅरिश’ म्हणजे चर्चच्या हद्दीतील गाव. त्या गावाने आपल्या रहिवाशांवर कर बसवावा आणि त्यातून म्हातारे, आंधळे, पांगळे व निराधार यांचे पोषण करावे, अशी त्याची योजना होती. पण याच कायद्यात एक महत्त्वाचे कलम होते. ज्यांची ऐपत असेल अशा आई-बापांनी, आजा-आजींनी आणि मुलांनी आपल्या असमर्थ आप्ताला पोसलेच पाहिजे, असे ते सांगत असे. म्हणजे क्रम ठरलेला होता : आधी मूल, मग गाव. मालमत्तेकडेही गावाचे लक्ष असे. काही पॅरिशांत मदत घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरातील चीजवस्तूंची यादी केली जाई आणि त्याच्या पश्चात त्या वस्तू गावाच्या ताब्यात जात. खाट, कढई, चरखा अशा किरकोळ वस्तूंतूनही दिलेल्या मदतीची थोडीफार भरपाई करून घ्यावी, हा त्यामागील हेतू.

१८३४ साली या व्यवस्थेला कठोर रूप आले. मदत हवी असेल तर वर्कहाऊस नावाच्या संस्थेत राहावयास यावे, आणि तेथील जीवन बाहेरच्या गरिबातील गरीब मजुराच्या जीवनाहूनही कमी सुखाचे असावे, हे नव्या धोरणाचे सूत्र होते. धडधाकट आळशांना परावृत्त करण्यासाठी योजलेली ही युक्ती प्रत्यक्षात म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांनाही लागू झाली. पुरुषांचा विभाग वेगळा, स्त्रियांचा वेगळा. साठीच्या पुढील नवराबायकोला सक्तीने वेगळे ठेवू नये, असे १८४७ साली कायद्यालाच सांगावे लागले, यावरून त्या नियमांची धार ध्यानी येते. वर्कहाऊसच्या दारात जाणे म्हणजे अब्रू जाणे, ही भावना इंग्रज कष्टकरी वर्गात इतकी खोल रुजली, की संस्था नष्ट झाल्यावरही तिची धास्ती पुढील दोन पिढ्यांना पुरली. ऐपतीची चौकशी आणि अपमान यांची जोडी याच काळात जमली.

ही जोडी फोडण्याचा पहिला प्रयत्न १९०८ च्या वृद्ध निवृत्तिवेतन कायद्याने केला. डेन्मार्कने १८९१ साली आणि न्यूझीलंडने १८९८ साली या मार्गावर पाऊल टाकले होते. इंग्लंडात सत्तर वर्षांवरील व्यक्तीला आठवड्यास पाच शिलिंग मिळू लागले, आणि ते गावच्या गरीबखात्याच्या अधिकाऱ्याकडून नव्हे, तर टपालकचेरीच्या खिडकीवर मिळू लागले. १ जानेवारी १९०९ पासून हे वाटप सुरू झाले. मात्र ऐपतीची अट येथेही होतीच. वर्षाचे उत्पन्न २१ पौंडांपर्यंत असेल तर पूर्ण वेतन, त्यापुढे घटत्या प्रमाणात, आणि ३१ पौंड १० शिलिंगांच्या वर काहीच नाही. याच कायद्यात आणखी एक तरतूद होती. वेतन मिळावे एवढ्यासाठी एखाद्याने आपले उत्पन्न किंवा मालमत्ता मुद्दाम दुसऱ्यास देऊन टाकली असेल, तर ती त्याच्याजवळच आहे असे धरून हिशेब करावा, असे तिच्यात म्हटले होते. ही तरतूद अनाठायी नव्हती. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राज्याचाच भाग होता. तेथे जन्मनोंदणी १८६४ साली सुरू झालेली असल्याने सत्तरीचा सरकारी जन्मदाखला कोणाजवळच नव्हता, आणि निवृत्तिवेतन सुरू होताच सत्तरीच्या पुढील माणसांची संख्या नवलाची वाढली. त्याचबरोबर अनेक वृद्ध शेतकऱ्यांनी आपली शेते मुलांच्या नावावर करून दिली. मदतीसाठी गरिबीची अट घातली, की माणसे कागदोपत्री गरीब होऊ लागतात, हा धडा प्रशासनाला त्या वेळीच मिळाला. तो पुढे अनेकदा गिरवावा लागणार होता.

त्यानंतरची निर्णायक घटना म्हणजे १९४८. १९३१ साली बेकारांसाठी आलेल्या ऐपत-चौकशीत एका छताखाली राहणाऱ्या सर्वांची मिळकत एकत्र मोजली जाई. मुलाला नोकरी लागली की बापाचा भत्ता कमी होई, आणि या कारणाने घरे फुटत. त्याविरुद्ध एवढा संताप उसळला, की १९४१ साली कुटुंबाच्या एकत्रित ऐपतीची ती चौकशी रद्द झाली. पुढे १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने आपल्या पहिल्याच कलमात जुना गरिबांचा कायदा संपल्याचे जाहीर केले. त्याबरोबर आई-बापांना पोसण्याचे प्रौढ मुलांवरील कायदेशीर बंधनही गेले. जबाबदारी उरली ती पती-पत्नींची परस्परांविषयी आणि आईबापांची अज्ञान मुलांविषयी. साडेतीनशे वर्षे कायद्याने मुलाच्या हाती दिलेली काठी अशा रीतीने कायद्यानेच परत घेतली.

हा कायदा ५ जुलै १९४८ रोजी अंमलात आला. त्याच दिवशी राष्ट्रीय आरोग्य सेवाही सुरू झाली. या दोन व्यवस्थांमध्ये एक रेषा आखली गेली होती. रुग्णालयातील उपचार सर्वांना विनामूल्य. तेथे श्रीमंत-गरीब हा भेद नाही. पण जो आजारी नाही, केवळ वयामुळे दुसऱ्यावर अवलंबून आहे, त्याची व्यवस्था स्थानिक नगरपालिका वा परगणा-मंडळ आपल्या वृद्धगृहात करील आणि त्याबद्दल ऐपतीप्रमाणे आकार घेईल. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांचे स्वप्न असे होते, की वर्कहाऊसच्या जागी पंचवीस-तीस माणसांची छोटी घरे यावीत, आणि तेथील वृद्धाचे नाते कैद्याचे नसून भाडे देऊन राहणाऱ्या पाहुण्याचे असावे. त्या वेळी निवृत्तिवेतन आठवड्यास २६ शिलिंग होते. त्यातील २१ शिलिंग वृद्धगृहाला द्यावेत आणि ५ शिलिंग हातखर्चाला ठेवावेत, असा हिशेब बसवला होता. भाडे देणारा मिंधा राहत नाही, ही भावना त्यामागे होती. आकाराचा उगम अपमानात नव्हता. उलट स्वाभिमान जपावा, या इच्छेतून तो आला होता. पुढे समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी या वृद्धगृहांची पाहणी करून १९६२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा असंख्य वृद्ध अजून जुन्या वर्कहाऊसच्याच भिंतींमध्ये राहत असल्याचे दिसून आले. तथापि तत्त्व बदलले होते, यात शंका नाही.

मात्र १९४८ च्या रेषेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. वृद्धगृहात येणाऱ्याजवळ निवृत्तिवेतनाखेरीज फारसे काही नसेल, असे कायदा करणाऱ्यांनी मानले होते. १९५१ साली इंग्लंडात सुमारे तिनांपैकी एक कुटुंब स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होते. २००१ पर्यंत हे प्रमाण तिनांपैकी दोन कुटुंबांच्याही थोडे पुढे गेले. गिरणी कामगार, टपालवाला, शाळामास्तर यांच्याजवळ घर आले, आणि त्या घराची किंमत त्यांच्या साऱ्या आयुष्याच्या कमाईहून अधिक झाली. त्याच सुमारास दीर्घकाळ पडून असलेल्या वृद्धांसाठी रुग्णालयांत राखलेल्या खाटा कमी होत गेल्या आणि असे रुग्ण खाजगी शुश्रूषागृहांत जाऊ लागले. १९९३ पासून या शुश्रूषेची जबाबदारी व ऐपतीची तपासणी स्थानिक संस्थांकडे आली. परिणाम असा, की ज्या स्थितीतील म्हाताऱ्याला १९६० साली रुग्णालयात फुकट खाट मिळाली असती, त्याच स्थितीतील म्हाताऱ्याला १९९५ साली आपले घर विकून शुश्रूषेचे पैसे भरावे लागले. कर्करोग झाला तर सरकार खर्च सोसते, स्मृतिभ्रंश झाला तर घर जाते. हा भेद कशासाठी, असे लोक विचारू लागले. दोन्ही आजार सारखेच दैवाधीन होते. त्यांना वेगळे करीत होती ती वैद्यकाची रेषा नव्हे, तर अर्धशतकापूर्वी दोन खात्यांमध्ये आखलेली रेषा.

अमेरिकेत हाच प्रवास निराळ्या वाटेने झाला. इंग्रज वसाहतवाल्यांनी एलिझाबेथचा कायदा आपल्याबरोबर नेला होता, आणि गावोगावच्या अनाथाश्रमवजा गरीबगृहांत म्हातारे राहत. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने गरीब वृद्धांना रोख साहाय्य देऊ केले, पण सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्याला ते मिळू नये, अशी अट घातली. गरीबगृहे ओस पडावीत, हा हेतू. ती ओस पडली हे खरे. पण अशक्त वृद्धांना कोठे तरी जाणे भागच होते. हातात साहाय्याची रक्कम घेऊन ते खाजगी घरांत पैसे भरून राहू लागले, आणि त्यांतूनच खाजगी शुश्रूषागृहांचा धंदा उभा राहिला. याच काळात अनेक घटक राज्यांनी साहाय्य घेणाऱ्या वृद्धाच्या घरावर बोजा चढवण्याची पद्धत सुरू केली. जिवंतपणी घरात राहा, पण पश्चात ते विकून सरकारचे देणे फेडले जाईल, असा तो व्यवहार होता.

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, माजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या उपस्थितीत, मेडिकेअर आणि मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर सही केली. मेडिकेअर ही पासष्टीपुढील लोकांची विमा योजना. तीत ऐपत पाहिली जात नाही. पण ती रुग्णालयाभोवती रचलेली आहे. रुग्णालयातून निघाल्यावर शुश्रूषागृहातील निवासाचा खर्च ती फार तर शंभर दिवसांपर्यंत सोसते. त्यापुढील दीर्घ शुश्रूषेचा भार मेडिकेडवर आला, आणि मेडिकेड ही गरिबांची योजना. येथेही कायद्याने प्रौढ मुलांच्या ऐपतीकडे पाहण्यास राज्यांना मनाई केली. म्हणजे मूल येथेही मोकळे झाले. त्याऐवजी वृद्धाची स्वतःची मालमत्ता तपासली जाऊ लागली. एकट्या व्यक्तीजवळ राहू द्यावयाच्या शिलकीची मर्यादा १९८९ साली २,००० डॉलर झाली, आणि त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ तेवढीच राहिली. राहते घर हिशेबातून बहुधा वगळले जाई, पण बाकी सारे संपेपर्यंत शुश्रूषागृहाचे बिल भरावे आणि मग मदत मागावी, असा शिरस्ता पडला. गरिबांसाठी काढलेली योजना अशा रीतीने मध्यमवर्गाच्या अखेरच्या वर्षांचा आधार बनली. फक्त तिच्या दारात पोहोचण्यासाठी मध्यमवर्गीयाला आधी गरीब व्हावे लागे.

या नियमाचा सर्वांत क्रूर आघात शुश्रूषागृहात गेलेल्यावर नव्हे, तर घरी राहिलेल्या जोडीदारावर होई. पतीच्या शुश्रूषेसाठी दोघांची शिल्लक संपली, की मागे राहिलेली पत्नी उरलेले आयुष्य कशावर काढणार? १९८८ साली अमेरिकन काँग्रेसने मागे राहिलेल्या जोडीदारासाठी उत्पन्नाचा व मालमत्तेचा काही भाग राखून ठेवण्याची तरतूद केली. ज्या कायद्यात ती होती त्याचा बराचसा भाग पुढच्याच वर्षी रद्द झाला, पण ही तरतूद मात्र टिकली. दुसऱ्या बाजूने बंधनेही आवळली गेली. मुलांच्या नावावर मालमत्ता करून देऊन मग मदतीचा अर्ज करण्याचे प्रमाण वाढू लागले, आणि त्या कामी सल्ला देणारे वकीलही तयार झाले. १९९३ च्या कायद्याने अर्जापूर्वीच्या ३६ महिन्यांतील दानपत्रे तपासण्याचा नियम केला. मदत घेतलेल्या व्यक्तीच्या पश्चात तिच्या मालमत्तेतून खर्च वसूल करणेही सर्व राज्यांना सक्तीचे झाले. २००६ साली अंमलात आलेल्या कायद्याने तपासणीचा काळ ६० महिने केला आणि फार मोठ्या किमतीचे घरही मदतीच्या आड येईल, असे ठरवले. मधल्या काळात, १९९६ साली, मदतीसाठी मालमत्ता देऊन टाकणे हा फौजदारी गुन्हाच ठरवला गेला. आजीबाईंना तुरुंगात धाडणार काय, अशी त्याची कुचेष्टा झाली. पुढच्याच वर्षी काँग्रेसने गुन्हेगार बदलला आणि सल्ला देणाऱ्या वकिलाला शिक्षेस पात्र धरले. पण तेही बंधन महान्यायवादींनी १९९८ साली अंमलात आणण्याचे नाकारले.

हा सारा इतिहास एकत्र ठेवला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. विसाव्या शतकात दोन्ही देशांनी राज्याची मदत देताना मुलाची ऐपत पाहणे सोडले, आणि तिच्या जागी घर आणून उभे केले. पण घर म्हणजे तरी काय? आई-बापांच्या पश्चात जे मुलाकडे जाणार, तेच ते. त्यामुळे जिवंतपणी मुलाकडून न मागितलेले देणे मृत्यूनंतर त्याच्या वारशातून वसूल होऊ लागले. एलिझाबेथच्या कायद्यातील मुलाचे कर्तव्य नाहीसे झाले नाही. त्याचे केवळ रूपांतर झाले. फरक इतकाच, की पूर्वीचे कर्तव्य मुलाच्या ऐपतीवर अवलंबून असे, आताचे आई-बापांच्या आजाराच्या लांबीवर अवलंबून आहे. बाप एका रात्रीत हृदयविकाराने गेला तर घर शाबूत, आणि आठ वर्षे अंथरुणावर राहिला तर घर गेले. वारसा असा दैवाच्या सोंगट्यांवर टाकला जावा काय, हा या वादाचा गाभा आहे.

ऐपतीच्या कसोटीचे समर्थन करणाऱ्यांची बाजू मात्र उथळ नाही, हे सांगितले पाहिजे. सार्वजनिक पैसा हा करांतून येतो, आणि कर देणाऱ्यांत असे असंख्य लोक असतात की ज्यांच्याजवळ स्वतःचे छप्पर नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराच्या करातून घरमालकाच्या वारसांचे घर राखावे, हे न्यायाचे म्हणता येणार नाही. शिवाय मालमत्ता जमवण्याचा एक हेतूच म्हाताऱ्या वयाची तरतूद हा असतो. मग त्या वयात ती खर्ची पडली तर तक्रार कशाची? याला उत्तर असे दिले जाते, की काटकसरीने राहिलेल्या शेजाऱ्याला सारे भरावे लागते आणि उधळपट्टी केलेल्याला फुकट मिळते, तेव्हा कायदा काटकसरीलाच दंड करतो. दोन्ही युक्तिवाद खरे आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न सुटत नाही. या दोहोंच्या मध्ये उभा असतो तो अर्ज तपासणारा अधिकारी. पाच वर्षांपूर्वी नातीच्या लग्नात दिलेली रक्कम प्रेमाने दिली की मदतीवर डोळा ठेवून दिली, हे त्याने ठरवावयाचे असते. हिशेबाच्या वहीत रक्कम दिसते, हेतू दिसत नाही. ऐपतीची कसोटी जितकी बारीक करावी तितकी ती मनाच्या चौकशीकडे झुकते, आणि जितकी सैल करावी तितकी ती चतुरांच्या उपयोगी पडते.

इंग्लंडात या पेचातून वाट काढण्याचे प्रयत्न वारंवार झाले. १९९९ साली शाही आयोगाने वैयक्तिक शुश्रूषा सर्वांना विनामूल्य द्यावी, निवास व भोजनाचा आकार तेवढा ऐपतीप्रमाणे घ्यावा, अशी शिफारस केली. स्कॉटलंडने २००२ साली शुश्रूषेचा भाग स्वीकारला, इंग्लंडने नाकारला. २०११ साली अर्थतज्ज्ञ अँड्र्यू डिलनॉट यांच्या आयोगाने वेगळी दिशा दाखवली. कोणाही व्यक्तीला आयुष्यभरात शुश्रूषेसाठी ठरावीक रकमेपेक्षा अधिक भरावे लागू नये, त्यापुढील भार राज्याने उचलावा; ही मर्यादा सुमारे ३५,००० पौंड असावी, असे त्यांनी सुचवले. संसदेने २०१४ साली तत्त्व मान्य केले. मर्यादा ७२,००० पौंड ठरली, पण अंमलबजावणी आधी पुढे ढकलली गेली आणि मग बाजूस पडली. २०१७ च्या निवडणुकीत थेरेसा मे यांच्या पक्षाने घरी होणाऱ्या शुश्रूषेसाठीही घराची किंमत हिशेबात धरण्याचे, मात्र १,००,००० पौंड वारसांसाठी राखण्याचे सुचवले. विरोधकांनी त्यास स्मृतिभ्रंशावरील कर असे नाव दिले आणि काही दिवसांतच पंतप्रधानांना माघार घ्यावी लागली. २०२१ साली ८६,००० पौंडांची नवी मर्यादा जाहीर झाली. तीही पुढे ढकलली गेली, आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने रद्द केली. दरम्यान ज्या शिलकीच्या वर मदत मिळत नाही ती २३,२५० पौंडांची रेषा २०१० पासून पुढील पंधरा वर्षे जागची हलली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२४ पासून मालमत्तेची अट साफ काढून टाकली होती. परंतु तिजोरीवर ताण पडताच दुसऱ्याच वर्षी १,३०,००० डॉलरची मर्यादा २०२६ पासून पुन्हा लावण्याचे ठरले.

यावर काही देशांनी मुळातच वेगळा विचार केला. जर्मनीत शुश्रूषागृहांतील असंख्य वृद्ध सरकारी गरीब-साहाय्यावर जगू लागले होते. तेव्हा तेथे १९९५ पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू झाला. कामगार आणि मालक दोघेही वर्गणी देतात, आणि मदत मिळते ती शुश्रूषेच्या गरजेप्रमाणे. मालकांवरील भार हलका व्हावा म्हणून एक धार्मिक सुटी एका राज्याखेरीज सर्वत्र रद्द करण्यात आली. या सुधारणेची किंमत साऱ्या समाजाने आपल्या एका दिवसाच्या श्रमाने मोजली, असे म्हणता येईल. जपाननेही २००० साली असाच विमा सुरू केला; तेथे चाळिशीपासून वर्गणी भरावी लागते. हे विमे सारा खर्च सोसत नाहीत, आणि उरलेल्या भागासाठी जर्मनीत ऐपतीची चौकशी अजून होते. २०२० पासून मात्र ज्या मुलांचे वार्षिक उत्पन्न १,००,००० युरोंपेक्षा अधिक आहे, त्यांच्याकडेच तेथील शासन आई-बापांसाठी केलेला खर्च मागते. वार्धक्यातील पंगुत्व हे गरिबीचे लक्षण नसून सर्वांवर सारखे येणारे संकट आहे, आणि म्हणून त्याची तरतूद सर्वांनी मिळून आधीच करावी, हा विचार या दोन्ही देशांनी स्वीकारला.

भारताची वाट आजवर याच्या उलट दिशेने गेलेली दिसते. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने आणि पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेने आई-बापांना पोसण्याचे बंधन मुलांवर घातले. ते विवाहित मुलीवरही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली ठरवले. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याने हे कर्तव्य वारशाशीच जोडले. निपुत्रिक वृद्धाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती मिळणार आहे, त्या नातलगाने त्याला सांभाळावे. आणि सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेले घर सांभाळ न झाल्यास परत मागता यावे, असे त्याची कलमे सांगतात. म्हणजे जे पाश्चात्त्य कायद्याने मृत्यूनंतर वसूल केले, ते भारतीय कायदा जिवंतपणी सेवेच्या रूपाने मागतो. तथापि राज्याच्या मदतीची अट येथेही गरिबी हीच आहे. याच कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यांत निदान दीडशे वृद्धांसाठी निवास काढण्याची तरतूद आहे. पण ती निर्धनांसाठी. महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेतील वेतनासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, अशी अट ठेवलेली आहे. २०२४ साली सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्न न पाहता, रुग्णालयातील उपचारांसाठी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण केंद्र सरकारने देऊ केले. त्या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. पण इंग्लंडच्या १९४८ च्या रेषेची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. रुग्णालयाची खाट सर्वांना, आणि रुग्णालयातून घरी आणल्यानंतरची वर्षे मात्र ज्याची त्याला.

ती वर्षे आज बहुतेक घरांत सुना आणि मुली, म्हाताऱ्या पत्नी, क्वचित पगारी बाई यांच्या हातांनी निभावली जातात. त्या श्रमांची नोंद कोणत्याही तिजोरीच्या हिशेबात नाही. कुटुंबे लहान होत आहेत, मुले दूरच्या शहरांत आणि परदेशांत जात आहेत, आणि शहरातील एका सदनिकेची किंमत तिच्यात राहणाऱ्या निवृत्त शिक्षकाला कागदोपत्री धनिक ठरवू शकते, मग त्याच्या हातात महिन्याचे औषध घेण्यापुरतेही पैसे नसोत. हा प्रश्न भारताच्या दारातही येणार, नव्हे आलाच आहे. त्या वेळी इंग्लंड-अमेरिकेचा इतिहास एवढे तरी सांगतो, की रेषा कोठे ओढावी यापेक्षा ती कोणत्या वेळी ओढावी, हे अधिक महत्त्वाचे असते. पंगुत्व आल्यानंतर घर मोजावयास बसलेल्या राज्याला मुलगा, म्हातारा आणि करदाता या तिघांपैकी कोणाचेच समाधान करता आलेले नाही. ज्यांनी हातपाय धड असतानाच सर्वांकडून थोडे थोडे घेतले, त्यांना निदान ती चौकशी बरीच आखूड करता आली. भारतात साठीपुढे गेलेल्यांची संख्या दर दशकाला वाढत असताना, हा हिशेब तरुणांच्या पगारातून आरंभावयाचा की वृद्धांच्या घरातून, हे ठरवण्यासाठी हाती असलेला काळ फार मोठा नाही.